सर्व स्तरांतून अभिनंदन होत आहे

पावसाळा सरत आला की जिल्हा आवृत्त्यांच्या डेस्कवर एक प्रेसनोट हमखास येते. जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत अमुक महाविद्यालयाच्या तीन प्राध्यापकांचा समावेश. सोबत टाय लावलेले तीन फोटो, मग संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य यांची नावं उतरत्या क्रमानं, आणि शेवटी ते वाक्य: 'त्यांच्या या यशाबद्दल सर्व स्तरांतून अभिनंदन होत आहे.' एका दैनिकात मी अकरा वर्षं शिक्षणाची बीट सांभाळली. हे वाक्य किती वेळा छापायला सोडलं याचा हिशेब नाही. ते खरं आहे का, हे एकदाही तपासलं नाही. सर्व स्तर म्हणजे नेमके कोणते, हे विचारायचं तरी कोणाला?

त्या तीन सरांनी शोधलं काय, हे प्रेसनोटमध्ये नसायचं. 'नॅनो तंत्रज्ञान' किंवा 'पदार्थविज्ञान' असा एखादा शब्द असला तर असला. आम्हीही विचारायचो नाही.

ही यादी काय असते ते आधी सांगतो, कारण मथळ्यात तिला सर्रास 'स्टॅनफर्डची यादी' म्हणतात. वाचणाऱ्याला वाटतं, कॅलिफोर्नियात कुठली निवड समिती बसली आणि तिनं आपल्या तालुक्यातले सर निवडले. अशी समिती नसते. स्टॅनफर्डमधले प्राध्यापक जॉन इओनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या माहितीसंग्रहातून, कोणाच्या निबंधांचा किती जणांनी संदर्भ दिला हे मोजतात, सहा निकषांचा मिळून एक आकडा काढतात आणि त्यावरून क्रम लावतात. सगळा तक्ता एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. एक तक्ता संपूर्ण कारकिर्दीचा, दुसरा एकाच वर्षाचा. माझ्या हाताखालून गेलेल्या बातम्या बहुतेक दुसऱ्या तक्त्याच्या होत्या, पण तसं लिहिलेलं कधी पाहिलं नाही. स्वतःच स्वतःचे संदर्भ किती दिले, याचाही रकाना त्यात आहे. अलीकडे मागे घेतलेल्या निबंधांचाही आहे. म्हणजे यादी करणाऱ्यांनी शंका घेण्याची सोय यादीतच करून ठेवली आहे.

यातली गंमत अशी की हेच इओनिडिस २००५ साली जगभर गाजले ते एका निबंधामुळे. प्रसिद्ध होणाऱ्या संशोधनातले बहुतांश निष्कर्ष चुकीचे असण्याची शक्यता का आहे, हे त्यांनी त्यात मांडलं होतं. हयातभर संशोधनावर अविश्वास कसा ठेवावा हे शिकवणाऱ्या माणसाचा तक्ता आपण पुष्पगुच्छासारखा वापरतो.

एवढ्यावरून 'पत्रकारांना विज्ञान कळत नाही' असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, आणि विद्यापीठांच्या चर्चासत्रांत तो दरवर्षी निघतो. मला तो पटत नाही. शेअर बाजार, क्रिकेटमधला डकवर्थ-लुईस, निवडणुकीतली मतांची टक्केवारी हे सगळं मराठी पत्रकाराला कळतं, कारण ते वाचणारा माणूस दुसऱ्या दिवशी फोन करून चूक काढतो. दोन टक्क्यांच्या बातमीला असा वाचक नाही. ती ज्यांच्याविषयी असते त्यांच्यासाठीच छापली जाते, आणि वाचून होण्याआधी कापली जाते. ही बातमी कात्रणासाठी असते. कात्रण आयक्यूएसीच्या, म्हणजे महाविद्यालयातल्या गुणवत्ता कक्षाच्या फाइलीत जातं, फाइल महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या समितीसमोर जाते, तिथून निकाल ठरतो. शिवाय एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत लोकांच्या मनातल्या प्रतिमेलाही गुण आहेत, शंभरात दहा. मग संस्थेनं जनसंपर्क कक्षाला 'महिन्याला इतक्या बातम्या' असं लक्ष्य दिलं तर नवल काय? अशा एका कक्षातून मला फोन यायचा: "साहेब, बातमी छोटी लावली तरी चालेल, पण कॉलेजचं नाव पूर्ण येऊ द्या."

पेटंटचं प्रकरण याच वळणाचं, फक्त जास्त निसरडं. आपल्या पेटंट कायद्यात अर्ज केल्यावर साधारणपणे अठरा महिन्यांनी तो पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो. जादा शुल्क भरून विनंती केली तर लवकरही होतो. अर्ज प्रसिद्ध झाला याचा अर्थ तो आला आहे, एवढाच. तपासणी, हरकती, उत्तरं हे सगळं पुढे असतं. तरी 'पेटंट प्रकाशित' हे शब्द डेस्कपर्यंत येतायेता 'पेटंट मिळाले' होतात. त्याहून भारी म्हणजे 'ब्रिटनचे पेटंट'. बहुतेक वेळा ती डिझाइनची नोंदणी असते, म्हणजे वस्तूच्या बाह्य रूपाची. ती वस्तू चालते का, तिच्यात नवा शोध आहे का, याच्याशी या नोंदणीचा संबंध नसतो, आणि ब्रिटनचं कार्यालय डिझाइन खरंच नवं आहे का हेही तपासत बसत नाही. अशा नोंदणीत चौथं किंवा पाचवं नाव घालून देतो, असे संदेश प्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतात. एका सरांनी मला असा संदेश हसत हसत दाखवला होता. पुढल्या वर्षी त्यांचीच बातमी आली. मी ती लावली.

'आंतरराष्ट्रीय नियतकालिकात शोधनिबंध प्रसिद्ध' याही वाक्याचं वजन किती, हे पुण्यातल्याच संशोधकांनी दाखवलेलं आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तत्कालीन मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी शिफारस केलेली नियतकालिकं नमुन्यादाखल तपासली. त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. हे खरं बातमीयोग्य संशोधन होतं. त्याची बातमीही झाली, पण ती इंग्रजीत जास्त. आमच्या पानावर त्या आठवड्यात एका प्राचार्यांचा अमृतमहोत्सव होता.

आता कोणी म्हणेल, बिचाऱ्यांचं कौतुक का खुपतं? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. घरात पहिल्यांदा दहावी झालेल्या मुलीला पीएच.डी. मिळते तेव्हा गावच्या पानावर तिचा फोटो यायलाच हवा. तो फोटो पाहून शेजारच्या वाडीतला बाप मुलीला अकरावीला घालतो, हे मी पाहिलं आहे. ती जागा मी कधीच कापणार नाही. पण तीच बातमी कशी असते पाहा: नाव, मार्गदर्शकाचं नाव, संशोधन केंद्राचं नाव, आणि 'अ स्टडी ऑफ... विथ स्पेशल रेफरन्स टू... डिस्ट्रिक्ट' असं देवनागरीत लिहिलेलं इंग्रजी शीर्षक. पाच-सहा वर्षं राबून तिनं आपल्याच जिल्ह्याबद्दल काय शोधून काढलं, हे त्या जिल्ह्याला कोणी सांगत नाही. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढतो आणि तिथेच राहतो. हारतुरे देताना आपण तिचं म्हणणंच ऐकत नाही, आणि याला कौतुक म्हणतो.

बरं, संशोधन स्वतःच बातमी होतं तेव्हा तरी सगळं ठीक होतं का? याचं सर्वांत मोठं उदाहरण पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं आहे. हरियाणातल्या राखीगढीच्या उत्खननात डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या पथकाला सांगाडे मिळाले. एकसष्ट नमुन्यांतून डीएनए काढायचे प्रयत्न झाले आणि वापरण्याजोगा फक्त एकातून निघाला, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईचा. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यावरचा निबंध 'सेल' या विज्ञान नियतकालिकात आला. या बाईच्या डीएनएमध्ये मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नव्हता, आणि आर्य याच गवताळ प्रदेशातून आले असा एक सिद्धान्त आहे. दिल्लीत पत्रकार परिषद झाली, आणि दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांचा सूर एकच: आर्य बाहेरून आलेच नाहीत, सिद्धान्त निकालात निघाला.

त्याच आठवड्यात 'सायन्स' या नियतकालिकात दुसरा निबंध आला, ५२३ प्राचीन माणसांच्या नव्या डीएनए-माहितीवर आधारलेला. त्याच्या लेखकांतही शिंदे होते. त्यात म्हटलं होतं की गवताळ प्रदेशातल्या लोकांचा अंश दक्षिण आशियात आला तो इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धात, म्हणजे राखीगढीच्या त्या बाईनंतर काही शतकांनी. मग तिच्यात तो अंश नसणारच! १९७० सालच्या लग्नाच्या फोटोत कोणाच्या हातात मोबाइल दिसत नाही, म्हणून मोबाइल आपल्याकडे बाहेरून आलाच नाही असं म्हणावं, तसं हे झालं. दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचले तर विरोध नाहीच. विरोध होता तो निबंध आणि पत्रकार परिषद यांच्यात.

मला जास्त हळहळ वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. 'सेल'मधल्या निबंधात एक खरी नवी गोष्ट होती. सिंधू संस्कृतीच्या लोकांत इराणकडच्या लोकांशी नातं सांगणारा जो अंश आहे, तो शेती सुरू होण्याच्याही आधी वेगळा झालेला दिसतो. म्हणजे पश्चिमेकडून शेतकऱ्यांचा लोंढा आला आणि त्यानं इथे शेती आणली, असं चित्र जुळत नाही. आपल्या पूर्वजांनी शेती कशी सुरू केली, हा प्रश्न मराठी वाचकाला आवडला नसता का? पण त्याला मथळ्यात जागा नव्हती, कारण मथळा आधीच ठरलेला होता. यात पत्रकारांचा दोष आहे, नाही असं नाही. कोणीही तो दुसरा निबंध उघडला असता तर वेळ लागला नसता. पण निबंधात जपून बोलणारा संशोधक माइकसमोर सैल बोलतो, तेव्हा पहिली जबाबदारी त्याची. त्याला मर्यादा माहीत असते, वार्ताहराला नसते.

याच्या उलट उदाहरणं आपल्याच घरात आहेत. २००८ साली जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. चाचणी काय, कशी, हे आधी जाहीर करून ज्योतिषांना आवाहन केलं. प्रत्येकाला चाळीस पत्रिका, त्यातली कोणती कोणाची ते ओळखायचं. एक्कावन्न जणांनी पत्रिका नेल्या, सत्तावीस जणांची उत्तरं आली. बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवून याहून जास्त जमलं असतं. ज्याचं उत्तर सर्वांत चांगलं त्याची चाळीसपैकी चोवीस बरोबर. चहाच्या टपरीवर ही बातमी समजावून सांगता येते. नारळीकरांच्या नावाचं वलय होतंच, पण बातमी त्यांच्या नावावर उभी नव्हती. प्रश्न आधी, नियम आधी, मग आकडे. शंका असेल त्यानं त्याच नियमांनी पुन्हा करून पाहावं.

दुसरं उदाहरण एका शब्दाचं. 'अनुशेष' हा शब्द आज विदर्भ-मराठवाड्यात एसटीत बसलेला माणूसही वापरतो. तो घराघरात गेला १९८३ साली नेमलेल्या सत्यशोधन समितीमुळे, आणि तिचे अध्यक्ष होते गोखले संस्थेचे माजी संचालक, अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर. रस्ते, सिंचन, शाळा, पाणी, प्रत्येक बाबतीत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे, हे समितीनं मोजलं आणि बेरीज काढली, सुमारे ३,१८७ कोटी रुपये. मोजण्याच्या पद्धतीवर जोरदार भांडणं झाली. जिल्हा हा घटक धरावा की प्रदेश, यावर अग्रलेख पडले. दांडेकर अव्वल किती टक्क्यांत होते हे कोणी विचारलं नाही. लोक त्यांच्या आकड्यांशी भांडत होते, आणि संशोधकाचा याहून मोठा मान मला माहीत नाही.

शेतीची पानं पाहा, म्हणजे माझा मुद्दा आणखी स्पष्ट होईल. राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी या चार कृषी विद्यापीठांचे शास्त्रज्ञ दरवर्षी जॉइंट अ‍ॅग्रेस्कोला, म्हणजे संयुक्त संशोधन बैठकीला एकत्र जमतात, वाण आणि शिफारशी मंजूर होतात. पहिल्या दिवशीची बातमी इथेही मोजदादीचीच असते, इतके वाण, इतकी यंत्रं. पण पुढच्या आठवड्यांत शेतीच्या दैनिकांत तीच बातमी उलगडते. हलक्या रानात चालेल का, किती दिवसांचं पीक, तांबेऱ्याला कितपत दाद देतं, बियाणं कुठे मिळेल. कारण वाचणाऱ्याला ते जूनमध्ये पेरायचं असतं. शिफारस चुकली तर तो बांधावरून फोन करतो आणि शास्त्रज्ञाला उत्तर द्यावं लागतं. शेतीचे वार्ताहर जन्मजात हुशार असतात असं काही नाही. त्यांचा वाचक त्यांना सोडत नाही.

मग बाकीच्या विद्याशाखांना असा वाचक का मिळू नये? भूगोलाच्या विभागाला दरडी माहीत असतात, समाजशास्त्राच्या विभागाला ऊसतोड माहीत असते. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली, तेव्हा आम्ही सगळे पश्चिम घाटाच्या तज्ज्ञांचे नंबर शोधत होतो. माधव गाडगीळांच्या समितीचा पश्चिम घाटावरचा अहवाल २०११ सालीच सरकारला दिलेला होता. माहिती अधिकार आणि न्यायालयाची पायरी चढल्यावर २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. मधल्या काळात त्यावर मराठीत किती बातम्या झाल्या, आणि त्यातल्या किती 'अहवालाला विरोध' एवढ्याच होत्या, हे मी माझ्याच पेपरच्या अंकांत नंतर पाहिलं. सांगण्यासारखं नाही.

प्राध्यापकही बोलायला कचरतात, हे कबूल केलं पाहिजे. कायम नोकरीतल्यांना संस्थाचालकांची नजर, आणि तासिका तत्त्वावरच्यांना तर पुढच्या जूनची शाश्वती नाही. अशा माणसाला 'जिल्ह्यातल्या पाणीवाटपावर तुमचं संशोधन काय सांगतं' असं विचारलं की तो म्हणतो, "नाव नका देऊ सर." सत्काराची बातमी सर्वांना सोयीची आहे ती यामुळेही. तिच्यात कोणी दुखावत नाही.

माझ्या मागण्या फार नाहीत. डेस्कनं एक नियम करावा: 'काय सापडलं' हे एका वाक्यात नसेल तर प्रेसनोट परत पाठवायची. मोठा दावा असेल तर त्याच विषयातल्या पण त्या संशोधनात नसलेल्या माणसाला फोन करायचा. विद्यापीठांनी प्रत्येक पीएच.डी.चा तीनशे शब्दांचा सार मराठीत संकेतस्थळावर टाकावा, आणि तो मार्गदर्शकानं नव्हे, ज्यानं काम केलं त्यानं लिहावा. त्यात शेवटी एक ओळ सक्तीची: यावरून काय सिद्ध होत नाही.

आणि वार्ताहरांनी मौखिक परीक्षेला जाऊन बसावं. पीएच.डी.चा व्हायवा खुला असतो, नोटीस लागते, ज्याला त्यात रस आहे त्याला जाता येतं. अकरा वर्षांत मी एकदाच गेलो, तेही पाऊस होता आणि दुसरी असाइनमेंट रद्द झाली म्हणून. विषय होता एका तालुक्यातल्या महिला बचत गटांचा. बाई चाळिशीच्या, शाळेत नोकरी करून संशोधन केलेलं. त्यांनी सांगितलं की त्या ज्या गावांत फिरल्या तिथे गटातून उचललेलं कर्ज बऱ्याचदा खासगी मायक्रोफायनान्सचा हप्ता भरायला जातं, आणि वहीवर मात्र 'शेळीपालन' लिहिलेलं असतं. बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "हे सगळ्या जिल्ह्यात असं आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला?" त्या क्षणभर थांबल्या. मार्गदर्शक खालमानेनं कागद चाळत होते. मग म्हणाल्या, "नाही सर. मी चौदा गावं पाहिली. बाकीचं मला सांगता येणार नाही."

मी ऑफिसात येऊन तीनशे शब्द लिहिले. रात्री पानावर एक जाहिरात वाढली. सकाळी अंकात त्यांचं नाव होतं, मार्गदर्शकांचं होतं, संस्थेच्या अध्यक्षांचं होतं, आणि 'सर्व स्तरांतून अभिनंदन'ची शेवटची ओळही होती. शेळ्या नव्हत्या, चौदा गावंही नव्हती. दुपारी बाईंचा आभाराचा फोन आला. कात्रण काढून ठेवलंय म्हणाल्या.